भीतीने सुटलेली बिडी



गेल्या पावसाळ्यात रविवारचा मिस्सा आटोपल्यावर आपल्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ आमच्याकडे आले. (हे पापनिवेदनात सांगितलेले नाही आणि त्यांच्या परवानगीनेच आम्ही लिहीत आहोत, नाव मात्र कोणी विचारू नये.) वय साठीला टेकलेले, उभा जन्म संत्र्याच्या बागेत आणि कलमांच्या नर्सरीत गेलेला. चढण चढताना दम लागतो म्हणून मुलाने त्यांना अमरावतीला नेले. तिथे छातीच्या डॉक्टरांनी एका नळीत जोराने फुंकायला लावले, यंत्रातून कागद निघाला, आणि सीओपीडी हा शब्द त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकला. त्या दिवसापासून बिडी बंद.

आम्ही अभिनंदन केले. पण ते अभिनंदन घ्यायला आलेच नव्हते. म्हणाले, ‘‘फादर, बायको पंचवीस वर्सं मांगं लागली तवा नाई सुटली. अन् डॉक्टरनं एक कागद दाखवला त चार दिवसात सुटली. मंग मले पिरेम कोनाचं, तिचं का माह्या जिवाचं?’’

आम्ही घाईने म्हणालो, ‘‘सुटली ना, मग झाले.’’ ते मान हलवून निघून गेले. पण त्यांचे समाधान झाले नव्हते आणि खरे सांगायचे तर आमचेही नाही. प्रश्न टाळण्यासाठी दिलेले ते उत्तर होते. तेव्हा आज या पानावर त्यांचे देणे फेडण्याचा प्रयत्न करतो.

आधी आजाराविषयी थोडे. आपल्या फुफ्फुसांत हवेच्या अगदी लहान लहान पिशव्या असतात. वर्षानुवर्षांच्या धुराने त्यांच्या भिंती फाटतात आणि श्वासाच्या नळ्या अरुंद होतात. मग आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. पहिल्या सेकंदात माणूस किती हवा बाहेर फेकू शकतो, हे ते यंत्र मोजते. बिडीचे तर अधिकच कठीण. तेंदूच्या पानातून हवा शिरत नाही, त्यामुळे ती विझू नये म्हणून जोरजोराने ओढावी लागते आणि धूर खोलवर जातो. फाटलेले पुन्हा शिवले जात नाही. मग आता सोडून उपयोग काय, असे चावडीवर सर्रास विचारले जाते. याचे उत्तर १९७७ साली फ्लेचर आणि पीटो या दोघा संशोधकांनी दिले. लंडनमध्ये काम करणाऱ्या पुरुषांचा श्वास आठ वर्षे मोजून त्यांनी दाखवले की गेलेला श्वास परत येत नाही, पण धूम्रपान सोडल्यावर पुढची घसरण मंदावते आणि कधीही न ओढणाऱ्या माणसाच्या जवळपास येते. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे मागोवा घेतला. त्यांच्या २००४ च्या निष्कर्षानुसार तिशीत सिगारेट सोडणाऱ्याला सरासरी दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते आणि अगदी साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही तीन वर्षे मिळतात.

बागाईतदाराला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. डिंक्या लागलेल्या संत्र्याची सडलेली साल आपण खरवडून काढतो आणि बोर्डो मलम लावतो. जिथली साल गेली तिथे डाग राहतोच, म्हणून झाडावर कुऱ्हाड कोणी घालत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडासाठीही माळी मालकाकडे आणखी एक वर्ष मागून घेतो.

पण त्या गृहस्थांनी विचारले होते ते उपयोगाविषयी नव्हे, प्रेमाविषयी. इतकी वर्षे जे ठाऊक होते, ते एका कागदाने एकाएकी कसे पटले? अॅरिस्टॉटलला हाच प्रश्न पडला होता. माणूस जाणूनबुजून वाईट कसे करतो? त्याचे म्हणणे असे की झोपलेल्या किंवा दारू प्यालेल्या माणसाजवळ जसे ज्ञान असते, तसेच ते अशा वेळी आपल्याजवळ असते; म्हणजे असते, पण कामाला येत नाही. ‘बिडी वाईट’ हे सर्वांना ठाऊक असते. ‘ही बिडी, या माझ्या छातीला’ एवढे मात्र ठाऊक नसते. (सेमिनरीत हा पाठ आम्ही उशीखाली सिगारेटचे पाकीट ठेवून वाचला होता, हेही कबूल केले पाहिजे.) परंतु अॅरिस्टॉटल इथे पुरा पडत नाही. कारण त्यांची पत्नी काही सर्वसाधारण सिद्धांत सांगत नव्हती. ती त्यांच्याच खोकल्याविषयी बोलत होती, आणि तेही रोज. तिचा शब्द खरा होता, जवळचा होता, तरी तो कमी तोलला गेला. हे ज्ञानाचे अपयश नव्हे, ऐकण्याचे आहे. घरात अशी वजने अनेकांची असतात; मुलगा बोलला तर हलके आणि शिक्का असलेला कागद बोलला तर जड.

आता भीतीकडे वळू. भीतीने केलेल्या पश्चात्तापाला किंमत आहे काय, यावर ख्रिस्तसभेत मोठा वाद झालेला आहे. असा पश्चात्ताप माणसाला केवळ ढोंगी बनवतो, असे ल्यूथरचे मत होते. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने उत्तर दिले की शिक्षेच्या भीतीने उपजलेला अपूर्ण पश्चात्तापसुद्धा, पाप करण्याची इच्छा त्याने खरोखर सुटत असेल तर, देवाचे दान आहे. पवित्र आत्मा तेव्हा अजून अंतःकरणात वस्तीला आलेला नसतो, पण दार ढकलत असतो. अर्थात परिषद देवाच्या शिक्षेविषयी बोलत होती, डॉक्टरच्या यंत्राविषयी नव्हे. तिचा शब्द इथे ताणून बसवू नये. तरीही दिशा कळते. भीतीला ख्रिस्तसभा हाकलून लावत नाही, ओसरीवर बसू देते.

संत थॉमस अॅक्विनस यांनी त्याहून खोल गोष्ट सांगितली आहे. भीती प्रेमातूनच जन्मते. जे प्रिय असते, तेच गमावण्याची भीती वाटते. म्हणून पुढच्या भेटीत आम्ही त्या गृहस्थांना विचारले, ‘‘कागद हाती आला तेव्हा पहिल्यांदा मनात काय आले?’’ ते थोडे थांबले. ‘‘मले पहिले हेच सुचलं का आता रोपं कोन पाहीन, अन् हे बाई एकटी पडन.’’

म्हणजे जिवाच्या भीतीत बायको होतीच. आम्ही त्यांना तसे म्हणालो आणि त्यांचे डोळे भरून आले. परंतु हे सांगून आम्ही त्यांची सुटका केली असे वाचकांनी समजू नये. प्रेम होते आणि तरी पंचवीस वर्षे त्याने काहीच केले नाही, हा हिशेब तसाच राहतो. त्यांच्या पत्नीशी आम्ही बोललो तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘‘सोडली ना आता, बस झालं.’’ मग पदराशी चाळा करत, ‘‘पन दहा वर्साआधी सोडली असती त...’’ वाक्य त्यांनी पुरे केले नाही. ते वाक्य ऐकून घेणे हेही प्रायश्चित्तच आहे असे आम्हास वाटते.

अशा आजाऱ्याला ‘स्वतःच ओढवून घेतले’ असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ शंभरात चारही भरले नाहीत, पण धुराविना खाणारे चोवीसच्या वर निघाले. तेव्हा गालात खर्रा दाबून बिडीवाल्याला नावे ठेवू नयेत. २००४ साली शरद पवार यांच्यावर तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यांना वेळ मिळाला आणि त्यांनी जाहीरपणे लोकांना या सवयीपासून सावध केले. आर. आर. पाटील २०१५ साली त्याच रोगाने गेले.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी आहे. हा फुफ्फुसाचा आजार कधीही न ओढणाऱ्यांनाही होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये यावर सविस्तर लिहिले आणि स्वयंपाकघरातील लाकूड-गोवऱ्यांच्या धुराकडे बोट दाखवले. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही नाकारले. चुलीपुढे जन्म घालवलेल्या बाईच्या श्वासाचा हिशेब आपण कोणाच्या पापात मांडणार?

हे आम्ही त्या गृहस्थांना केवळ माहिती म्हणून सांगितले होते. आठ दिवसांनी ते पत्नीला घेऊन अमरावतीला गेले, त्याच डॉक्टरकडे. बिडी तिने जन्मात हातात धरली नव्हती. नवऱ्याचा धूर आणि चुलीचा धूर, एवढेच तिच्या वाट्याला आले होते. तिचाही श्वास कमी निघाला. त्यांच्याइतका नाही, पण कमी. गॅस घरात होता, मात्र सिलिंडर पुरवायचा म्हणून पाणी आणि भाकरी चुलीवरच होत असे. परत आल्यावर त्यांनी स्वतः अंगणातली चूल मोडली. सिलिंडरचे पैसे आता बिडीच्या बंडलांतून वाचतात, असे ते म्हणतात. हिशेब जुळतो की नाही ते आम्ही विचारलेले नाही.

बाकी व्यवहाराचे. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, काहींचा खोकलाही वाढतो. दोनचार आठवड्यांत हे बरेच निवळते. डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप ‘लागला की सुटत नाही’ म्हणून फेकून देऊ नये. ती सवय नव्हे, औषध आहे. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणात रुग्णांना केवळ आजच्या दिवसाचा निश्चय करायला शिकवतात. जन्मभराची शपथ वाहण्यापेक्षा ते बरे. केंद्र सरकारचा १८००-११-२३५६ हा क्रमांक विनामूल्य आहे. ज्यांना फोनवर संकोच वाटतो त्यांनी संध्याकाळच्या रोझरीनंतर धर्मगुरुनिवासात यावे. ते गृहस्थही बहुधा तिथेच बसलेले असतात. पायऱ्यांवर दोनदा थांबून वर येतात, म्हणून त्यांना थोडा उशीर होतो.