तोडू नये, सोडवावं



बांबूची टोपली कधी निरखून पाहिलीत? तिच्या विणीत खिळा नसतो. गोंद नसतो. एक कामटी दुसरीच्या वरून जाते, तिसरीच्या खालून जाते. एकमेकींना अडवतच त्या एकमेकींना सावरतात.

जपानमधल्या साकाई शहरात तानाबे चिकुउनसाई नावाचे कलावंत आहेत. टोपल्या विणणाऱ्या घराण्याची ही चौथी पिढी. हजारो कामट्या विणून ते जमिनीपासून छतापर्यंत जाणारी शिल्पं उभारतात. प्रदर्शन संपलं, की ते शिल्प तोडत नाहीत, सोडवतात. एकेक कामटी मोकळी करतात. त्यातल्या बहुतेक कामट्या पुढच्या शिल्पात पुन्हा विणल्या जातात.

तोडायला एक हिसका पुरतो. सोडवायला धीर लागतो.

मंडळी, आपणही खूप काही विणतो. एकत्र घर, भागीदारीतलं दुकान, चार जणांनी उभी केलेली संस्था. कधी ना कधी ते आवरावं लागतं. त्यात कमीपणा काही नाही. पण आवरताना तोडू नये, सोडवावं. भाऊ वेगळे राहू लागले, तरी आईसमोर हिशेब मिटावा आणि बोलणं चालू राहावं. संस्था सोडताना किल्ल्या हातात द्याव्यात, नावं ठेवू नयेत.

शाबूत राहिलेली माणसं उद्या नव्या कामात भेटतात. हिसक्यानं चिरलेली कामटी पुन्हा विणता येत नाही.

म्हणून आज कुणापासून दूर व्हायची वेळ आलीच, तर एवढं करूया. तोडू नये, सोडवावं.