काटकसर कोणाच्या ताटातून?

कोंड्याचा मांडा करणारी बाई, असे एखाद्या गृहिणीविषयी म्हटले की आपल्या भाषेत त्यापुढे प्रशस्ती उरत नाही. बेळगावकडच्या माणसाला या म्हणीचा अर्थ फोडून सांगावयास नको. मांडा हे इकडचे पक्वान्न. चांगला गहू, तूप, साखर आणि सराईत हात यांवाचून तो होत नाही. तो कोंड्यापासून करणे म्हणजे घरात काही नसताना पंगत साजरी करणे होय. म्हणीत एवढेच सांगितले आहे. मांडा कोणी खाल्ला हे आपण ओळखतो. करणारीने काय खाल्ले हे मात्र म्हण सांगत नाही.

बेळगुंदीसारख्या गावात ही कला अजून जिवंत आहे. बेळगावच्या पश्चिमेचा, राकसकोप धरणाच्या बाजूचा हा मुलूख. माती तांबडी, पाऊस भरपूर, पीक भाताचे आणि रताळ्याचे. चांगली रताळी पोत्यांत भरून बेळगावच्या बाजाराला जातात. फावड्याने कापलेली, वाकडी, बारकी घरात राहतात आणि घरची माणसे त्यांवर समाधानी असतात. वेल जनावरांना जातो. चूल असेल तेथे पुढच्या तोंडावर भात आणि मागच्या वैलावर आमटी, म्हणजे एका जाळात दोन कामे. आणि स्वयंपाक उरकल्यावर त्याच फुफाट्यात चार रताळी. हुलगे शिजवलेल्या पाण्याचे सार, हुलग्यांची उसळ. तांदळाचे धुवण गोठ्यात. रात्रीचा भात सकाळी फोडणीला, शिळी भाकरी ताकात. नाचणीची आंबील, उन्हाळ्यात जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, आणि चार महिन्यांच्या पावसासाठी आधीच रचून ठेवलेले सरपण. आता बहुतेक घरी गॅस आला आहे, पण हिशेब तोच आहे. सिलिंडर किती दिवस पुरला, हे घरातल्या बाईला कॅलेंडरकडे न बघता सांगता येते.

याला दारिद्र्य म्हणणे आम्हास योग्य वाटत नाही. हे ज्ञान आहे, आणि पुष्कळ शिकलेल्या घरांतून ते नाहीसे होत आहे. ख्रिस्ती मनुष्याने अन्न वाया घालवू नये याविषयी वाद नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. काटकसर हा सद्गुण केव्हा होतो, आणि केव्हा तो केवळ दुसऱ्याच्या घासावर केलेली बचत असतो?

आपण या विषयावर बोलताना योहानाच्या सहाव्या अध्यायाचा आधार घेतो. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, काही फुकट जाऊ नये म्हणून. ज्याच्या हातून भाकरी वाढत होती त्याने तुकड्यांची काळजी करावी, यात मोठा बोध आहे. परंतु ही आज्ञा केव्हा दिली ते आपण घाईने वाचून जातो. सर्व लोक तृप्त झाल्यावर दिली. आधी गवतावर बसवून, हवे तितके वाढून, पोट भरल्यावर मग टोपल्या. आमच्या कित्येक घरांत हा क्रम उलटा आहे. पुरुष जेवतात, मुले जेवतात, पाहुणा आला तर पाहुणा जेवतो. आणि घरातल्या बाईच्या वाट्याला जे येते ते तृप्तीनंतरचे तुकडे नव्हेत, तेच तिचे जेवण. भाजीचे पातेले पुसून घेतलेली भाकरी, खरवडलेला भात. तिला विचारले तर ती म्हणते, “मला तसेच आवडते.” हे उत्तर खरे मानणे आपल्या फार सोयीचे आहे.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. कर्नाटकात हा आकडा जवळजवळ ४८ होता. त्याच वयाच्या पुरुषांत देशभरात शंभरी २५. बाळंतपणे, मासिक पाळी, जंत अशी कारणे डॉक्टर सांगतात आणि ती खरी आहेत. पण शेवटी बसणारीच्या ताटात डाळ किती उरते हेही त्यांत धरले पाहिजे.

पवित्र शास्त्रात काटकसरीची भाषा सर्वांत ठसठशीत कोणी बोलली असेल तर यहूदा इस्कर्योताने. बेथानीला मरीयेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या पायांना लावले, तेव्हा तीनशे दीनारांचा हिशेब त्यानेच मांडला आणि गरिबांचे नाव पुढे केले. हिशेब चुकीचा नव्हता. तेल मात्र त्याचे नव्हते, आणि थैली त्याच्या हाती होती.

अशा हिशेबाचे मोठे उदाहरण आपल्याच भागाने भोगले आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळले. सरकारी खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना नेमले होते. १८७७ च्या आरंभी त्यांच्या धोरणाने दुष्काळी कामावरच्या मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्यावर आणला गेला, वर अगदी थोडे पैसे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. तिजोरीचे पैसे वाचले असतील. ज्यांनी ते वाचवले त्यांची स्वतःची जेवणे चुकली नसावीत.

याच्या उलट जॉन वेस्ली. बेळगावात लंडन मिशनने १८२० मध्ये काम सुरू केले आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे सोपवले, तेव्हा वेस्ली आमच्या मंडळ्यांना परका नाही. मिळवा, वाचवा आणि द्या, असा त्याच्या पैशाविषयीच्या प्रवचनाचा रोख आहे. ऑक्सफर्डला असताना त्याला वर्षाला तीस पौंड मिळत; अठ्ठावीसांत तो भागवी व दोन देई. पुढच्या वर्षी साठ मिळाले तरी खर्च अठ्ठावीसच ठेवला, आणि बत्तीस दिले. हे उदाहरण आम्ही पुष्कळदा ऐकतो. त्यात एक बारीक गोष्ट आहे: वेस्ली तेव्हा अविवाहित होता. त्याने जे वाचवले ते स्वतःच्याच ताटातून.

संसारी माणसाला हे इतके सोपे नाही. रेव्हरंड टिळकांचा हात किती सढळ होता, आणि त्यांच्या औदार्यानंतर घरातली तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंना कशी करावी लागे, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. टिळकांचे दान आम्ही कमी लेखत नाही. पण त्या दानात लक्ष्मीबाईंचाही हिस्सा होता, आणि तो दरवेळी त्यांना विचारून घेतलेला नव्हता.

मोशेच्या नियमशास्त्रात तर जास्त काटकसर करणाऱ्याला अडवलेच आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताचे कोपरे कापू नयेत, सरवा वेचू नये, तो गरीब व परका यांच्यासाठी ठेवावा असे सांगितले आहे. चांगला शेतकरी एक लोंबीही मागे ठेवणार नाही. देव म्हणतो, ठेव. बवाजाने रूथसाठी मुद्दाम ओंब्या टाकावयास लावल्या. शेताच्या मालकाने करावयाची ही गोष्ट, पातेल्याच्या मालकिणीबाबत घरातल्या इतरांनी करता येईल काय? म्हणजे आमटी वाढून घेताना थोडी मागे ठेवणे, आणि ती कोणासाठी ठेवली हे मोठ्याने न सांगणे.

कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये गृहलक्ष्मी योजना सुरू केली आणि कुटुंबप्रमुख स्त्रीच्या नावे महिना दोन हजार रुपये ठरवले. तिच्या गुणदोषांवर वाद आहेत, ते येथे नकोत. बायका त्या पैशांनी मुलांची फी भरतात, घरात धान्य आणतात, हे ऐकून आम्हास आनंद होतो. क्वचित एखादीने स्वतःसाठी काही घेतले की मात्र घरात कुजबुज होते. तो बेथानीचाच आवाज आहे.

रविवारच्या शाळेत योहानाचा सहावा अध्याय शिकवताना शिक्षकांनी टोपल्या मोजण्याआधी मुलांना इतकेच विचारावे: तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते, आणि तेव्हा पातेल्यात काय असते? उत्तरे फळ्यावर लिहू नयेत. मुलांना पुढच्या रविवारपर्यंत घरी नुसते पाहू द्यावे.