आधी भाकर, मग प्रश्न

शास्त्रपाठ : १ राजे १९ : १-९

कर्मेलावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहिलेला एलीया एका राणीच्या निरोपाने जीव घेऊन पळतो, ही गोष्ट रविवारच्या शाळेत सांगताना आपण शिक्षक जरा अडखळतो. एवढा मोठा देवाचा माणूस, आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो! म्हणून आपण घाईने होरेबाच्या मंद वाणीकडे वळतो. पण मधल्या वचनांत काय घडले? देवदूताने त्याला उपदेश केला नाही, दटावले नाही. हात लावून उठवले. उशाशी भाजलेली भाकर आणि पाणी होते. खाऊन तो पुन्हा झोपला, तरी दूत रागावला नाही. दुसऱ्यांदा आला आणि वाट लांबची आहे म्हणून आणखी खायला लावले. तो इकडे का आला, हे देवाने त्याला विचारले खरे. पण चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, होरेबाच्या गुहेत.

आम्ही मात्र प्रश्नापासूनच सुरुवात केली. आमच्या मंडळीतील एका भगिनीचा मुलगा रस्त्यावरील अपघातात गेला. आमचे मंदिर हमरस्त्याला लागून आहे. उपासनेच्या वेळी रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला की त्यांचे हात गार पडत, छाती धडधडू लागे आणि त्या उठून बाहेर जात. आम्ही दोघे-तिघे त्यांच्या घरी गेलो, प्रार्थना केली आणि, “मावशी, विश्वास कमी पडतो आहे का?” असे विचारून आलो. पुढे चार महिने त्या मंदिरात आल्या नाहीत. त्या चार महिन्यांचा दोष आमचा आहे.

भीतीच्या वेळी हृदय जोराने चालते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. धोका टळल्यावर हे निवळावे. मोठ्या आघातानंतर काहींचे निवळत नाही. एखादा आवाज किंवा वास पुरतो आणि शरीर तोच दिवस पुन्हा उगवल्यासारखे वागू लागते. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हालांमुळे या विकाराकडे लक्ष वेधले गेले आणि १९८० मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी त्याला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. यात विश्वासाच्या उणिवेचा प्रश्न कोठे येतो? समजूत पोहोचण्याआधीच शरीर हादरून गेलेले असते.

पुढे एका समुपदेशक बाईंनी त्या भगिनीला साध्या गोष्टी शिकवल्या. पावले जमिनीवर घट्ट टेकवायची. बाकाची कड धरून लाकूड हाताला जाणवू द्यायचे. समोरच्या पाच वस्तूंची मनात नावे घ्यायची. श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावायचा. त्याने हृदयाची गती उतरते, अशी शरीराची घडणच आहे. याच्या जोडीला अपघाताविषयी हळूहळू बोलणेही होते. तेही सोडू नये, कारण अशा उपचाराच्या गुणाचा पुरावा केवळ शरीराच्या अभ्यासापेक्षा भक्कम आहे.

हे परधर्मी ध्यान तर नव्हे, असे मंडळीत एकाने विचारले. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचे जे वर्ग सुरू केले, त्यांची मुळे बौद्ध साधनेत आहेत. ते लपवण्याचे कारण नाही. ज्याच्या मनाला ते पटत नाही त्याने तो मार्ग घेऊ नये. पण पाय टेकणे आणि श्वास सोडणे ही कोणत्या पंथाची मालमत्ता? मातीच्या मनुष्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकणारा आपलाच देव आहे (उत्पत्ती २ : ७).

मात्र शिक्षकांनो, येत्या रविवारी मुलांना डोळे मिटून बसवू नका. आघात सोसलेल्या काहींची भीती डोळे मिटल्याने, श्वासाकडे लक्ष दिल्याने उलट वाढते. हे जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावे. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. आणि दूताने एलीयाला स्पर्श केला खरा, पण आपण दूत नव्हे. खांद्यावर हात ठेवण्याआधी विचारावे.

त्या भगिनी आता येतात. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतात. भोंगा वाजला की गीतांचे पुस्तक खाली ठेवून बाकाची कड धरतात. कधी तेवढ्याने भागते, कधी त्या उठून बाहेर जातात. बाहेर पायरीशी सावली आहे, तेथे आम्ही पाण्याचा माठ भरून ठेवतो.