घरावरचा पहिला बोजा



अलीकडे रविवारची मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात एक विषय वारंवार आमच्या कानी येतो. कर्ज फिटलेले राहते घर बँकेत तारण ठेवायचे, त्या पैशातून दुसरे मोठे घर घ्यायचे, आपण तिकडे राहायला जायचे आणि पहिले घर भाड्याने द्यायचे. भाड्यातून हप्ता परस्पर जाईल, असा हिशेब. "फादर, पैसा नुसता भिंतीत अडकून पडलाय. तो मोकळा केला तर काय चुकलं?" असे एका गृहस्थाने आम्हाला सरळच विचारले.

भाडे घेणे हे पाप नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार केला होता. धान्य वापरले की संपते. घर वापरले तरी शिल्लक राहते. म्हणून घराची मालकी स्वतःकडे ठेवून वापर दुसऱ्याला देणे आणि त्याचा मोबदला घेणे न्याय्य आहे, असे त्यांचे मत. तेव्हा आम्ही त्या गृहस्थाला दोष दिला नाही. पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही.

'अडकलेला पैसा' हा शब्द आपण जपून वापरावा. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून हप्ते फेडले, ते उद्या कोणी दारात येऊन 'बाहेर व्हा' म्हणू नये यासाठी. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार, हप्ते थकून कर्ज बुडीत खात्यात गेले की ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी खटला न भरताही बँक तारण घराचा ताबा घेऊ शकते. नोकरी गेली, आजारपण आले, भाडेकरू सोडून गेला, तरी हप्ता थांबत नाही. भाडे न येताही काही महिने हप्ता भरता येईल एवढी शिल्लक आपल्याजवळ आहे का?

स्वतःपुरता धोका पत्करणे हे धाडस असू शकेल. पण घर आईच्याही नावावर असताना, "इथे सही कर" एवढेच सांगून तिचे छप्पर पणाला लावणे हा अन्याय होय. तिला सगळा व्यवहार समजावून सांगायला हवा. म्हातारपणी नव्या घरात यायची तिची इच्छा आहे का, हेही विचारायला हवे. आणि ती 'नको' म्हणाली, तर तो नकार ऐकून घ्यायला हवा.

दुसरा विचार भाडेकरूचा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या विश्वपत्रात शिकवले की, खासगी मालमत्तेवर एक सामाजिक गहाण असते. म्हणजे बँकेचा बोजा कागदावर चढण्याआधीच आपल्या घरावर गरजवंतांचा बोजा आहे. तो कुठल्याच उताऱ्यावर दिसत नाही आणि फिटतही नाही. मुंबईत 'मासे-मटण खाणाऱ्यांना जागा नाही' हे उत्तर आपल्यापैकी कित्येकांनी ऐकले आहे. मग आपल्या दारी एकटी नोकरदार मुलगी, परप्रांतीय कामगार किंवा मुसलमान कुटुंब जागा मागायला आले, तर आपण काय सांगतो?

व्याज वाढले की भाडे वाढवायचे, हाही मोह होतो. पण आपल्या कर्जाच्या कागदावर भाडेकरूची सही नसते. त्याच्याशी केलेला करार लेखी असावा व त्याची नोंदणी व्हावी, ही जबाबदारी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावरच टाकली आहे. खर्च वाचवण्यासाठी आपण ती टाळतो, तेव्हा डिपॉझिट देऊन बसलेल्या माणसाचा आधारच काढून घेतो.

त्या गृहस्थाने अजून निर्णय घेतलेला नाही. "आधी आईशी बोलतो," म्हणून तो घरी गेला. आम्हाला वाटते, सुरुवात योग्य ठिकाणाहून झाली.

आपले धर्मगुरू