परत येणारा डबा

आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम असेलच असे नाही, हे आपल्या घरांतील मूल फार लवकर शिकते. फ्रिजमधील त्या डब्यात वाटलेले आले-लसूण असते, बिस्किटांच्या टिनात सुई-दोरा आणि बटणे असतात, रसगुल्ल्याच्या रिकाम्या डब्यात तुरीची डाळ असते आणि कॉफीच्या बाटलीत गरम मसाला. नागपुरात मोमीनपुऱ्यापासून ताजबागपर्यंत कोणत्याही साध्या घराचे फडताळ पाहा, विकत आणलेली बरणी शोधावी लागेल. पाहुणे आले की याच फडताळाची आपल्याला थोडी लाज वाटते. मुलगी शिकून नोकरीला लागली की पहिल्या पगारातून एकसारख्या डब्यांचा संच आणते आणि जुने डबे भंगारवाल्याला देऊन टाक, असे आईला सांगते. आई हो म्हणते आणि त्यातले चार डबे पलंगाखाली सरकवते.

आई बरोबर की मुलगी, असा हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. वस्तू केव्हा संपली म्हणायची, बचत कुणाच्या वाट्यातून करायची आणि काटकसरीचा कंजूषपणा कोठे सुरू होतो, हे नैतिकतेचे प्रश्न आहेत. ते व्यासपीठावर क्वचित विचारले जातात, स्वयंपाकघरात मात्र रोज सोडवले जातात.

मोमीनपुरा ही मुळात विणकरांची वस्ती. सुताचा तुकडाही जपून ठेवावा लागे, त्या घरांना काटकसर कुणी शिकवण्याची गरज नव्हती. डालडाचा पिवळा डबा तूप संपल्यावर आणखी कित्येक वर्षे जगायचा. आधी पीठ, मग रॉकेल, शेवटी तळाला भोके पाडून तुळस किंवा मोगरा. संत्र्यांच्या लाकडी पेट्या एकावर एक ठेवल्या की भांड्यांची मांडणी तयार होई. दुधाच्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून, महिनाअखेरीस किलोवर विकल्या जात. त्या पैशांचा हिशेब आईकडे वेगळा असे. पुढे २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या पिशवीवर परत खरेदीची किंमत किमान पन्नास पैसे छापावी, अशी तरतूद त्यात होती. जी गोष्ट शासनाला त्या वर्षी सुचली, ती आपल्या आयाबहिणी दोरीवर वाळत घालून कितीतरी आधीपासून करीत होत्या. फरक इतकाच की, गरिबाने केले की त्याला मजबुरी म्हणतात आणि शिकलेल्याने केले की पर्यावरणप्रेम.

या सवयीला धर्माचाही आधार आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग येतो. पैगंबरांच्या पत्नी हजरत मैमूना यांच्या मुक्त केलेल्या दासीला दान म्हणून मिळालेली एक शेळी मेली होती. ती तशीच टाकून दिलेली पाहून पैगंबरांनी (स.) विचारले की, हिच्या कातड्याचा उपयोग का केला नाही? लोक म्हणाले, ती मेलेली आहे. त्यावर त्यांनी समजावले की, मनाई आहे ती खाण्याला. अन्न म्हणून निरुपयोगी झालेली वस्तू वस्तू म्हणून निरुपयोगी होत नाही, एवढा मोठा विचार या छोट्या प्रसंगात आहे. कुरआनातही उधळपट्टीचा निषेध आहे आणि त्याच जोडीने हात मानेला बांधून ठेवणाऱ्या कंजूषपणाचाही. या दोहोंच्या मध्ये चालायचे आहे. पण मधली वाट नेमकी कोठून जाते, हे प्रत्येक घराला आपले आपण ठरवावे लागते.

मला वाटते, ती ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. बचतीची झळ कुणाला लागते? माझी गैरसोय होऊन पैसा वाचला तर ती किफायत. दुसऱ्याचे नुकसान होऊन माझा पैसा वाचला तर तिला काटकसर हे चांगले नाव देता येणार नाही.

ही कसोटी आधी घरातच लावून पाहू. पातळ प्लास्टिकचे डबे गार पदार्थांसाठी असतात. त्यांत उकळते सालन ओतले की डबा वाकतो, आणि प्लास्टिकमधील नको ते अंश अन्नात उतरण्याचा धोका वाढतो. पाण्याच्या विकतच्या बाटल्या एकदा वापरण्यासाठी बनवलेल्या असतात. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, गाडीत वा गच्चीवर तापलेली तीच बाटली पुन्हा पुन्हा भरून मुलाच्या दप्तरात देणे शहाणपणाचे नाही. भजी-समोसे वर्तमानपत्रात बांधू नयेत, कारण छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात जातात, असा इशारा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अनेकदा दिला आहे. सर्वांत वाईट सवय म्हणजे थंड पेयाच्या बाटलीत फिनेल, ॲसिड किंवा रॉकेल भरून ठेवणे. डबा खोटे बोलतो तेव्हा मोठ्यांना हसू येते. पण लहान मूल बाटलीवरच्या चित्रावर विश्वास ठेवते. इथे दोन रुपये वाचतात ते मुलाच्या जिवावर. म्हणून काचेची बरणी, स्टीलचा नि पत्र्याचा डबा जितका वापरता येईल तितका वापरावा, प्लास्टिकमध्ये कोरडे आणि गार तेवढे ठेवावे, आणि विषारी वस्तू अन्नाच्या बाटलीत कधीही भरू नये. किफायतीला अक्कल लागते.

आता हाच डबा उंबऱ्याबाहेर जातो तेव्हा काय होते ते पाहू. रमजानमध्ये इफ्तारची ताटे शेजारी जात. वरून रुमाल झाकलेला, ताट स्टीलचे किंवा चिनी मातीचे. ते रिकामे परत येत नसे. त्यात खजूर येई, शिरा येई, काहीच नसले तर मूठभर साखर येई. ताट परत करायचे असल्यामुळे पुन्हा एकदा दार वाजे. आता आपण बाहेरून आलेल्या जेवणाचे डबे धुऊन साठवतो आणि त्यांतून वाटप करतो. सांगतो, “डबा परत करू नका.” यात सोय आहे, पण दार दुसऱ्यांदा वाजत नाही. भांडे परत करण्याची सवय गेली आणि तिच्याबरोबर भेटीचे एक निमित्तही गेले.

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. नातेवाइकांकडे बिर्याणी जाते ती झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. कामवाल्या बाईला तीच बिर्याणी मिळते ती आइस्क्रीमच्या जुन्या, कडा चिरलेल्या डब्यात, आणि तिलाही सांगितले जाते, “परत आणू नको.” हे वाक्य शेजाऱ्याला म्हटले तर ती सोय असते. तिला म्हटले तर ते नेहमीच तेवढेच असते का? बकरी ईदला वाटे होतात तेव्हाही पाहा. आप्तांचा वाटा भांड्यात, निवडून. गरिबांचा वाटा पन्नीत, हाडांसह. पन्नी वा जुना डबा वापरणे हा गुन्हा नाही. कुणासाठी काय वापरायचे, हे आपला हात न विचारता ठरवतो, तिथे गोष्ट बिघडते. आपल्यात विटाळ नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह विषमतेकडे पाठ फिरवली, त्या शहरात राहून तरी वेगळ्या कपाचा, वेगळ्या बशीचा अर्थ आपल्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. जी वस्तू आपण स्वतः घेतली तर डोळे मिटूनच घेऊ, ती दानासाठी निवडू नका, अशा आशयाची शिकवण सूरह अल-बकरामध्ये आहे. ती धान्यापुरती आणि पैशापुरती आहे, भांड्याला लागू नाही, असे कुणी म्हणू शकेल का?

घरातून शेवटी बाहेर पडतो तो कचरा. तो भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डापर्यंत जातो. वाटेत आणि तिथेही माणसांचे हात त्यातून प्लास्टिक वेचतात. आंबलेल्या दुधाची पिशवी न धुता टाकली तर ती कुणाच्या तरी बोटांना लागते. विकायची नसली तरी ती विसळून टाकणे ही त्या अनोळखी हातांशी केलेली सभ्यता आहे. यात आपला एक पैसाही वाचत नाही. म्हणूनच आपली स्वच्छता पैशासाठी आहे की माणसासाठी, हे तिथे कळते.

तेव्हा आईने पलंगाखाली चार डबे ठेवले असतील तर राहू द्यावेत. त्यांत मुलीने डाळ भरावी, खिळे भरावेत, कोथिंबीर लावावी. घरात जुने वापरायला लाज कसली? मात्र दुसऱ्यासाठी वाढताना फडताळावरचा चांगला डबा काढावा, आणि तो सर्वांसाठी एकच असावा. कामवाल्या बाईला बिर्याणी देताना म्हणावे, “ताई, डबा सावकाश आणा, घाई नाही.” तो परत येईल तेव्हा कदाचित त्यात तिच्या घरची दोन वडे-पुऱ्या असतील. त्या आपण त्याच डब्यातून, आपल्या दस्तरखानावर बसून खातो का, एवढेच मग पाहायचे उरेल.