दोष कुठे आहे?

हॉस्टेलच्या खोलीत रात्री मी लॅपटॉपवर हिमोग्लोबिनची दोन मॉडेल्स एकावर एक ठेवून बघत होते. एक नेहमीचं, एक सिकलसेलचं. प्रोजेक्टसाठी दोन्हींतला फरक दाखवायचा होता. माझी रूममेट गडचिरोलीची. ती मागून डोकावली आणि म्हणाली, "यातलं माझं कोणतं?"

तिच्या तपासणीच्या कार्डावर 'एएस' लिहिलंय. म्हणजे एक जनुक नेहमीचं, एक सिकलचं. ती वाहक आहे, आजारी नाही. पण गेल्या वर्षी तिचं जमत आलेलं लग्न या दोन अक्षरांवर मोडलं. "मुलीत दोष आहे," असा निरोप आला. मुलाची तपासणी कुणी केलीच नव्हती.

"तुझ्या रक्तात दोन्ही आहेत," मी म्हणाले.

"मग त्यातला दोष दाखव."

मी मॉडेल मोठं केलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सिकलमध्ये फक्त सहावं बदलतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. पहिल्याला पाणी आवडतं, दुसरं पाण्यापासून पळतं. बाकी घडी जवळजवळ तशीच. हे हिमोग्लोबिनही ऑक्सिजन वाहून नेतं. एकटा रेणू बघितला तर बिघडलेलं असं काही दिसतच नाही.

गडबड होते ती शेजाऱ्यांमध्ये. ऑक्सिजन सोडल्यावर ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं. एकाला एक रेणू चिकटत लांब दोरे तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. दोन्ही जनुकं सिकलची असतील, तर या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. एकच असेल, तर नेहमीचं हिमोग्लोबिन मध्ये येतं आणि एरवी दोरे होत नाहीत. उलट अशा माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. गडचिरोलीत मलेरिया काय असतो, हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

मग दोष कुठे आहे? सहाव्या जागेवर? शेजारच्या खाचेत? मॉडेल एवढंच सांगतं की असं झालं तर तसं होईल. 'दोष' हा शब्द त्यात नाही. तो आपण आणतो.

आणि शहाणी माणसंही आणतात. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे, हे १९४९ मध्ये दाखवणारे लायनस पॉलिंग. प्रथिनांची मॉडेल्स रचून विचार करायला जगाला शिकवलं, तेही त्यांनीच. याच पॉलिंगनी १९६८ मध्ये सुचवलं, की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू वाईट नव्हता. मुलांचं दुःख टाळायचं होतं. पण रेणूबद्दलची माहिती त्यांनी सरळ माणसाच्या कपाळावर नेऊन ठेवली.

हा मोह आता वाढणार आहे. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडच्या अल्फामिसेन्सने माणसाच्या प्रथिनांमधल्या सुमारे ७.१ कोटी संभाव्य बदलांना गुण दिले. कोणता बदल घातक असण्याची शक्यता किती, याचे. संशोधनासाठी हे सोन्यासारखं आहे. पण उद्या त्यातला एखादा आकडा कुणाच्या तरी लग्नाच्या बैठकीत पोचेल.

म्हणून माहितीच नको, असं मी म्हणणार नाही. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ते आधी कळलंच पाहिजे. पण ही शक्यता दोघांची मिळून असते. मुलाची दोन्ही जनुकं नेहमीची असतील, तर बाळाला हा आजार होत नाही. एकटीचं कार्ड बघून नकार देणाऱ्यांना बाळाची काळजी नव्हती. त्यांना फक्त कपाळ वाचायचं होतं.

खिशातलं कार्ड आणि कपाळावरची खूण, दोन्हींवर माहिती एकच असते. फरक इतकाच, की कार्ड कुणाला दाखवायचं हे आपण ठरवतो, आणि समोरच्यालाही त्याचं मागू शकतो.

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मी आधी त्याचं कार्ड मागणार."

मी प्रोजेक्टची फाइल उघडली. शीर्षकात 'सदोष हिमोग्लोबिन' असं लिहिलं होतं. तो पहिला शब्द खोडला.