आधी पाणी, मग काम

३० ऑगस्ट १९६१ रोजी अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेची पन्नासेक तरुण मंडळी घानाच्या अक्रा विमानतळावर उतरली. तिथल्या शाळांत शिकवायला. उतरताच त्यांनी यजमानांसमोर त्यांच्या ट्वी भाषेत गाणं म्हटलं. उच्चार कसे का असेनात, परक्या भाषेत तोंड उघडण्याची ही तयारी मला फार मोलाची वाटते.

पण गाणं पाठ करता येतं. वागणं रोज शिकावं लागतं. घानातल्या अकान समाजाच्या घरी पाहुणा आला की आधी त्याला बसवतात, पाणी देतात आणि मगच विचारतात, काय काम काढलंत? दारातूनच कामाचं बोलणं बरं दिसत नाही. गूळ-पाणी पुढे करणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको! डाव्या हाताने वस्तू देणं तर तिथे अपमानच. डावखुऱ्या शिक्षकाला तपासलेली वही परत देतानासुद्धा हात बदलावा लागतो.

म्हणूनच पीस कोअरचे नवे स्वयंसेवक वर्गावर जाण्याआधी काही आठवडे स्थानिक कुटुंबात राहतात, त्यांच्या घरचं जेवतात. शिक्षकाच्या प्रशिक्षणातला हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.